समुद्रकाठच्या अंगणात कामादो शेगडीचं टेबल

ज्याने एकदा तरी पोपटीचं, म्हणजे वालाच्या शेंगा भाजायचं, मडकं पालथं घालून वर पालापाचोळा पेटवलाय, त्याला कामादो समजावून सांगावी लागत नाही. जाड मातीच्या पोटात उष्णता कोंडायची आणि आतला जिन्नस त्याच्याच वाफेवर, धुरावर शिजू द्यायचा, हीच युक्ती. कामादो या जपानी शब्दाचा अर्थही चूलच. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधून परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांनी या शेगड्या घरी नेल्या. पुढे १९७४ साली अटलांटात एड फिशर यांनी ‘बिग ग्रीन एग’ सुरू केली आणि हा अंड्याच्या आकाराचा घाट जगभर पसरला. जाड सिरॅमिकची भिंत, बिजागरीवर उघडणारं घुमटासारखं झाकण, तळाशी हवेची खिडकी आणि डोक्यावर धूर सोडणारी चकती, एवढाच कारभार.

आमच्याकडे ती आली भाच्यामुळे. मुंबईतलं घर बदलताना बाल्कनी गेली, तेव्हा “मामा, तुझ्याकडे अंगण आहे, तू सांभाळ” म्हणून कोकणात आंजर्ल्याला आणून ठेवली. सोबत लोखंडी तिकाटणं होतं. एका पावसाळ्यात त्याचे पोपडे निघाले, दुसऱ्यात एक पाय नखाने टोकरला तरी भुसा गळायला लागला. पंचाहत्तर किलोचं सिरॅमिक त्याच्यावर आणखी एक पावसाळा ठेवायची हिंमत झाली नाही, म्हणून टेबल करायला घेतलं.

करताना जो तो एकच विचारायचा, “लाकडाचं टेबल आणि त्यात कोळशाची शेगडी? पेट घेतलान तर?” शंका रास्त आहे, तिचं उत्तर पुढे येईलच. पण आगीची काळजी सगळे घेतात. आमच्या किनाऱ्यावर टेबल जळून जात नाही, सडून जातं. जून ते सप्टेंबर धो धो पाऊस, उरलेले आठ महिने खारी हवा. पुढे जे सांगतोय त्यातलं निम्मं शेगडीबद्दल नाही, पाणी कुठून शिरेल आणि कुठून निघेल याबद्दल आहे.

आधी जागा

माडाखाली नाही. हे वाचून हसू येईल, पण अंगणातली सगळ्यात गार, सावलीची जागा माडाखालचीच असते आणि पाय आपोआप तिकडे वळतात. सिरॅमिकच्या झाकणावर वरून एक नारळ पडला की शेगडीचा निकाल लागला. झापांच्या छपराखालीही नको, आणि आंबा-काजूच्या सुक्या पातेऱ्यापासून लांब.

वाऱ्याचा विचार करायला बहुतेक जण विसरतात. दुपारी समुद्रावरून खारे वारे येतात, रात्री उलटे, जमिनीकडून मतलई. म्हणजे पूर्व-पश्चिम अशी ये-जा. तळाची खिडकी पश्चिमेला तोंड करून राहिली तर वारा थेट आत घुसतो, निखारा फुलतो आणि मंद ठेवायची आग ताब्यात राहत नाही. ठिणग्या बाहेर येतात त्या वेगळ्याच. म्हणून खिडकी दक्षिणेला किंवा उत्तरेला करावी. माझी दक्षिणेला आहे, कारण उत्तरेला विहीर आणि कपडे वाळत घालायची दोरी.

खाली जमीन पक्की हवी. टेबल, शेगडी, दगड मिळून २०० किलोच्या आसपास भार होतो आणि पावसाळ्यात तांबडी माती तो गिळते. चार पायांखाली चार चिरे, म्हणजे जांभ्या दगडाचे ठोकळे, जमिनीत पुरून त्यांची डोकी एका पातळीत आणावीत. पातळी बघायला गवंड्याची पाण्याची नळी बेस्ट. पाणसळ दीड मीटरच्या अंतरावर फसवते, नळी फसवत नाही.

मापं: टेबलाची नाही, शेगडीची

टेबलाचं चित्र काढून त्यात शेगडी बसवायला गेलात की चुकलात. शेगडीपासून बाहेर यायचं. प्रत्येक कंपनीचं अंड वेगळं, त्यामुळे सोबतच्या पुस्तिकेत टेबलातल्या भोकाचं माप आणि मोकळ्या जागेचं अंतर दिलेलं असेल तर तेच धरा. नसेल तर टेप घेऊन बसा आणि चार गोष्टी कागदावर मांडा. शेगडीच्या तोंडाभोवती, झाकणाच्या खाली, धातूचा पट्टा असतो; पायथ्यापासून त्याच्या खालच्या कडेपर्यंतची उंची. पट्ट्याच्या खाली बोटभर, वीतभर अशा दोन-तीन ठिकाणी पोटाचा व्यास. बिजागरीचे स्प्रिंग पट्ट्याच्या खाली किती लोंबतात आणि मागे किती बाहेर येतात. आणि झाकण पूर्ण उघडल्यावर ते मागे किती जातं.

यातलं तिसरं माप मी घेतलंच नव्हतं. माझ्या शेगडीची पट्ट्यापर्यंतची उंची ४४ सेंटिमीटर. टेबलाचा पृष्ठभाग जमिनीपासून ८२ वर ठेवायचा ठरवला आणि पट्टा त्याच्या ५ सेंटिमीटर वर, म्हणजे ८७ वर. ८७ मधून ४४ गेले, ४३ उरले. त्यातून शेगडीखालच्या लोखंडी आसनाची उंची ५ आणि फरशीची जाडी ५ वजा केली की खालच्या फळीचा माथा ३३ वर येतो. हिशेब चोख. टेबल तयार झालं, दोघांनी मिळून शेगडी आत सोडली, मागची बिजागरी बसवायला घेतली तर स्प्रिंग मागच्या आडव्या पट्टीवर येऊन टेकले. ते पट्ट्याच्या खाली ८ सेंटिमीटर लोंबत होते.

“कापा ती पट्टी,” भाचा म्हणाला. मागची आडवी पट्टी म्हणजे सांगाड्याचा कणा, ती कापून चालणार नव्हती. शेवटी फरशीवर आणखी ४ सेंटिमीटरची एक फरशी चढवली. पट्टा टेबलापासून ९ सेंटिमीटर वर गेला आणि स्प्रिंग मोकळे झाले. तुम्ही नव्याने करताय तर खालची फळीच ३७ वर घ्या, जादा फरशीचं ओझं वाचेल. या चुकीचा एक फायदा मात्र झाला. शेगडीचं तोंड थोडं वर आल्यामुळे आईला बांगडे परतताना वाकावं लागत नाही.

टेबलाची लांबी १६५, रुंदी ७८ सेंटिमीटर. भोकाचा मध्य डाव्या टोकापासून ४५ वर, भोकाचा व्यास ५८. म्हणजे शेगडीच्या डावीकडे १६ सेंटिमीटरची पट्टी उरते, जिच्यावर चिमटा ठेवता येतो, आणि उजवीकडे ९१ सेंटिमीटर मोकळी जागा, जिच्यावर परात, ताट, मसाल्याचं वाटप असा सगळा संसार मांडता येतो. डावखुऱ्यांनी उलट करावं. टेबलाच्या पातळीवर पोटाचा व्यास माझ्याकडे ५१ आहे, म्हणजे चहूबाजूंनी साडेतीन सेंटिमीटर हवा. अडीचच्या खाली जाऊ नये. लाकडाने सिरॅमिकला कुठेही शिवायचं नाही.

सुतारकाकांनी कागद बघितला आणि विचारलं, “अवो भाऊ, टेबल करताव की भोकाला चौकट?” प्रश्नात तथ्य होतं. ७८ रुंदीत ५८ चं भोक म्हणजे पुढे-मागे दहा-दहा सेंटिमीटरच लाकूड उरतं. हे टेबल फळ्यांवर उभं राहत नाही, खालच्या सांगाड्यावर उभं राहतं.

लाकूड

साग सगळ्यात सोयीचा. त्याच्या अंगात तेल असतं, पाण्याला आणि वाळवीला पुरून उरतो, ऊन-पावसात फारसा वाकडा होत नाही. फणसही चांगला. आपल्या जुन्या घरांचे खांब आणि देव्हारे फणसाचे असतात ते उगाच नव्हे. ऐन आणि किंजळ मजबूत, पण जड आणि रंधायला चिवट, पायांना चालतील. आंबा स्वस्त मिळतो म्हणून मोह होतो. बाहेरच्या कामाला आंबा घेऊ नका. दुसऱ्या वर्षी त्याला भोकं पडतात आणि खाली पिठासारखी भुकटी दिसते, मग काही करता येत नाही. प्लायवूड, मग ते कितीही ‘मरीन’ असलं तरी, उघड्या कडांनी पाणी पितंच.

माझ्याकडे फणस होता. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने जमिनीवर चढलं तेव्हा आमच्या किनाऱ्यावरच्या माड-पोफळींच्या वाड्या आडव्या झाल्या. आमच्या परसातला फणसही त्यात गेला. त्याच्या फळ्या कापून पडवीत, मध्ये चिपट्या देऊन रचून ठेवल्या होत्या. लाकूड हवेवर वाळायला इंचाला एक वर्ष असा ढोबळ हिशेब धरतात. आमचं त्याहून जास्त मुरलं. पाय आणि सांगाडा त्याचा केला, वरच्या फळ्यांना वखारीतून साग आणला. मुद्दाम झाड पाडणार असाल तर एक लक्षात ठेवा. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे आणि साग, फणस, आंबा, ऐन, किंजळ ही झाडं त्याच्या यादीत येतात. झाड स्वतःच्या आवारातलं असलं तरी आधी परवानगी घ्यावी लागते. वखारीतून घेताना बिल मागून घ्यावं.

जुन्या घराचं लाकूड मिळालं तर सोनं. फक्त प्रत्येक इंचावर लोहचुंबक फिरवून खिळे शोधा, नाहीतर रंध्याचं पातं जाईल आणि सुतारकाकांचा मूडही.

किती लागेल? मी असं धरलं: पाय ९ × ९ चे, ८० लांब, चार. वरच्या आणि खालच्या लांब आडव्या पट्ट्या १० × ४ च्या, १५५ लांब, चार. वरच्या आडव्या ६५ च्या तीन. खालच्या फळीखालचे दांडे साडेसात × ५ चे, चार. वरच्या फळ्या १०.६ रुंद, ३.२ जाड, सात. खालच्या फळ्याही त्याच जाडीच्या. सगळं मिळून साधारण ५ घनफूट भरतं. कापाकापीत वाया जातं म्हणून चौथा हिस्सा जादा धरून सव्वासहा घनफूट सांगा.

स्क्रू, म्हणजे खरी गोम

पहिल्या खेपेला मी दुकानात “स्टेनलेस द्या” म्हणालो. चकचकीत, पिशवीभर, स्वस्त. घरी येऊन लोहचुंबक लावलं, चिकटला नाही, मी खूश. गणपतीपर्यंत प्रत्येक स्क्रूच्या डोक्याभोवती शाईसारखा काळा डाग पसरला. लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि गंजातलं लोखंड भेटलं की हा रंग येतो, जुनी शाई अशीच करायचे. डाग घासून जात नाही.

गडबड कुठे झाली तर चुंबकाची परीक्षा इथे उपयोगाचीच नाही. बाजारात ‘स्टेनलेस’ म्हणून बरंचसं २०२ नंबरचं पोलाद खपतं. ते आणि ३०४, दोन्ही सहसा चुंबकाला चिकटत नाहीत. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. घरात, शहरात उत्तम. समुद्रकाठी हवेतल्या मिठाने तेही ठिपक्या-ठिपक्यांनी गंजतं. ३१६ मध्ये वर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि तेच मिठाला तोंड देतं. बोटींची कामं करणाऱ्यांकडे, हर्णैसारख्या बंदराजवळच्या दुकानांत ३१६ मिळतं. खात्री करायची तर पोलादाच्या व्यापाऱ्याकडे मॉलिब्डेनम तपासायचा द्रवाचा थेंब असतो, तो टाकून मागा. महाग पडतं, मान्य. पण टेबलाला लागतात साठ-सत्तर स्क्रू आणि सोळा बोल्ट. जिथे पैसे वाचवायचे ती जागा ही नव्हे.

३१६ चा स्क्रू मऊ असतो, सागात किंवा फणसात जोर लावून फिरवला की मान मोडते आणि अर्धा आत राहतो. आधी ड्रिलने भोक पाडायचं, स्क्रूला मेणबत्ती किंवा साबण चोळायचा, शेवटचे दोन फेरे हाताने द्यायचे. आणि स्टेनलेसच्या बोल्टला जस्ताचा वायसर लावू नका. खाऱ्या ओलीत दोन धातूंची जोडी जमली की त्यातला लवकर गंजणारा धातू झिजतो. वायसर वर्षभरात पिठासारखा होतो.

सांगाडा जोडताना

सुतारकाकांचा हात कुसू-भोकाच्या सांध्यावर बसलेला. आडव्या पट्टीच्या टोकाला जीभ काढायची ती कुसू, आणि पायात तिच्या मापाचं भोक पटाशीने कोरायचं. दोन्ही एकमेकांत हातोडीच्या हलक्या ठोक्याने बसले पाहिजेत. हाताने सरकले तर ढिले, घणाने बसवावे लागले तर पाय फाटणार. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी १० मिलिमीटरचे आरपार बोल्ट वापरावेत, एका सांध्याला दोन, वर-खाली. एकाच बोल्टवर पट्टी फिरते.

सागाला गोंद धरत नाही अशी तक्रार असते. त्याचं तेल आड येतं. चिकटवायच्या आधी सांधा थिनरने पुसा आणि तो सुकल्यावर लगेच गोंद लावा. बाहेरच्या कामाला एपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा गोंद. पांढरा फर्निचरचा गोंद पावसाळ्यात दही होतो.

सगळ्यात जास्त वेळ पायांच्या तळाला द्या. लाकूड पाणी पितं ते टोकाकडून, जणू नळ्यांची मोळीच. पाय उलटा करून तळाला पातळ एपॉक्सी तीन वेळा पाजा. पहिला हात अक्षरशः शोषला जातो, पाच मिनिटांत कोरडं दिसतं. तिसरा हात वर काचेसारखा राहिला की समजा पोट भरलं. चिरा सच्छिद्र असतो, पाऊस थांबल्यावरही दिवसेंदिवस ओला राहतो, त्यामुळे पाय थेट चिऱ्यावर टेकवू नका. नायलॉनच्या जाड चकत्या मध्ये घाला. मी स्वयंपाकघरातला जुना कापायचा प्लास्टिकचा पाट कापून चार चकत्या केल्या. त्यावरून घरात झालेलं बोलणं इथे लिहीत नाही.

चाकं लावावीत का, असं प्रत्येक जण विचारतो. माझं मत, नकोत. चिऱ्यांच्या अंगणात २०० किलोचं टेबल ढकलणार कोण? चाकाचे बेअरिंग पहिल्याच वर्षी मिठाने जाम होतात. आणि ढकलताना एक चाक खाचेत अडकलं की शेगडी उलथते.

खालची फळी हाच शेगडीचा आधार. सिरॅमिक ७५ किलो, ५० × ५० ची ५ सेंटिमीटर जाड सिमेंटची फरशी ३० किलो, वर कोळसा आणि राख. चार दांड्यांपैकी दोन बरोबर फरशीच्या कडांखाली, एक मध्यभागी, चौथा उजवीकडच्या मोकळ्या भागाखाली. फळ्या दोन स्क्रूंनी प्रत्येक दांड्याला.

वरच्या फळ्या आणि तो गोल

सात फळ्या लांबीच्या दिशेने, मध्ये ६ मिलिमीटरची फट. पाणी फटीतून खाली जातं, हवा खेळते, फळी फुगली तरी शेजारणीला ढकलत नाही. मे महिन्यात, लाकूड सुकलेलं असताना बसवत असाल तर फट याहून कमी करू नका. भर पावसात बसवत असाल तर चार मिलिमीटर पुरे, पुढे ती आपोआप मोठी होते. बाहेरच्या दोन फळ्यांच्या खालच्या बाजूला, कडेपासून दोन सेंटिमीटर आत, करवतीने एक उथळ खाच मारा. पाणी फळीच्या पोटावरून सरपटत सांगाड्यापर्यंत जातं, त्या खाचेशी आलं की थेंब सुटून खाली पडतो. घराच्या छज्ज्याला गवंडी हेच करतो.

गोल कापायच्या आधी भोकाभोवतीचा आधार बसवा, नंतर नव्हे. कापल्यावर मधल्या पाच फळ्यांचे तुकडे होतात आणि डावीकडे जेमतेम वीतभर उरलेले तुकडे हवेत लोंबतात. म्हणून भोकाच्या डाव्या आणि उजव्या कडेला एकेक आडवी पट्टी, आणि चार कोपऱ्यांत ४५ अंशांत बसवलेले आखूड तुकडे. वरून पाहिलं तर अष्टकोन दिसेल. हे सगळे तुकडे गोलाच्या कडेपासून किमान सेंटिमीटरभर बाहेर ठेवा. मग फळ्या स्क्रूने पक्क्या करा आणि त्यानंतरच गोल आखा.

आखायला कंपास नको. एक पातळ रीप घ्या, एका टोकाला खिळा, तिथून २९ सेंटिमीटरवर पेन्सिलीपुरतं छिद्र. खिळा मध्यावर ठोका, रीप फिरवा. खिळा फटीत येत असेल तर खाली फळीचा तुकडा तात्पुरता लावून घ्या. कापायला जिगसॉ (उभ्या पात्याची विजेची करवत) चालतो, पण घाई केली की पातं तिरकं जातं; वर गोल बरोबर आणि खाली अंडाकृती. सुतारकाकांनी आधी रेघेच्या आत पाच मिलिमीटर सोडून कापलं, मग त्याच रीपेला राउटर (लाकडाची कड कोरायचं यंत्र) बांधून कड साफ केली. ती कड बघून मला पहिल्यांदा वाटलं की हे टेबल होणार.

कडेचा कंगोरा पॉलिश पेपरने गोल करून घ्या. हे फक्त दिसण्यासाठी नाही. धारदार कंगोऱ्यावर तेलाचा थर टिकत नाही आणि पाणी तिथूनच शिरतं.

फरशी आणि आग

आता पेट घेण्याच्या शंकेचं. तापलेल्या शेगडीचा तळ लाकडावर थेट ठेवायचा नाही, कधीच नाही. आधी सिमेंटची फरशी, तिच्यावर लोखंडी आसन, म्हणजे शेगडी आणि फरशीमध्ये हवा. आसन शेगडीसोबत वेगळं मिळतं. ते लोखंडाचं असल्याने वर्षाकाठी घासून उष्णतारोधक काळा रंग द्यावा लागतो. फरशी शेगडीच्या खिडकीपुढे किमान दहा सेंटिमीटर यावी, कारण राख ओढताना निखारा पुढेच पडतो. मी तिथे ३१६ च्या पत्र्याचं एक छोटं ताट ठेवलंय. कडप्पा वापरू नये असं माझं मत. थराथराचा दगड आहे, तापून-निवून त्याचे पापुद्रे सुटतात. जांभ्याची फरशी दिसायला सुरेख, पण पाणी धरते.

तेल, रंग वगैरे

पॉलिश, मेलामाइन, चकचकीत पीयू (पॉलियुरेथेन), यातलं काहीही बाहेरच्या टेबलाला लावू नका. उन्हाने पापुद्रा सुटतो, त्याखाली पाणी अडकतं आणि लाकूड काळं पडतं. मग सगळं खरवडून काढा. आत मुरणारं तेल बरं. पण नुसतं जवसाचं तेल आमच्या दमट हवेत बुरशीला जेवण आहे, दोन महिन्यांत काळे ठिपके येतात. बुरशीनाशक असलेलं, बाहेरच्या कामाचं सागाचं तेल घ्या. ८०, १२०, १८० अशा क्रमाने पॉलिश पेपर मारून पहिले दोन हात आठवड्याच्या अंतराने द्या, पुढे वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि मे अखेरीस.

काजूच्या टरफलांचं तेल होड्यांना लावतात ते माहीत असेल. पायांच्या तळच्या वीतभर भागाला मी तेच लावलं, वाळवी फिरकली नाही. हातात रबरी मोजे हवेत, कातडी सोलून निघते. जिथे अन्न ठेवायचं तिथे मात्र ते नको.

तेलाने भिजलेल्या चिंध्या चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना त्या स्वतःच तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून सुकवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. या सगळ्या उद्योगात घराला आग लागायची सगळ्यात मोठी शक्यता शेगडीपाशी नाही, इथे आहे.

शेगडी चढवणं

दोन माणसं, शक्यतो तीन. आतली अग्निकुंडी, जाळी, दगड सगळं काढून वजन कमी करा. झाकण आणि बिजागरी सोडवा, पण स्प्रिंग ताणलेले असतात. पुस्तिकेत सांगितलेल्या क्रमानेच, झाकण कोणीतरी धरून असताना. बिजागरीला किंवा मुठीला धरून उचलू नका. एकाने तळाच्या खिडकीत हात घालायचा, दुसऱ्याने मागून पोटाखाली. भोकाच्या कडेला जुनी गोधडी घालून ठेवली तर सिरॅमिकला टवका जात नाही. आत सोडल्यावर चहूबाजूंनी बोट फिरवून बघा, अंतर सारखं आहे ना. मग पट्टा, बिजागरी, झाकण.

पहिली आग मंद ठेवायची, १५० अंशांच्या आत, तासभर. त्या वेळी टेबलाच्या कडेला खालून हात लावत राहा. कोमट लागलं तर ठीक, हात ठेववत नसेल तर अंतर कमी पडलंय, थांबा. मग पुढच्या खेपेला पिझ्झ्यासाठी ३५० पर्यंत नेऊन पुन्हा तसंच बघा. भर तापात झाकण एकदम उघडायचं नाही. आत अडकलेल्या वायूंना हवा मिळाली की भडका बाहेर येतो. दोन बोटं उघडायचं, क्षणभर थांबायचं, मग पूर्ण.

कोळसा साधा लाकडाचा किंवा करवंटीचा. करवंटीचा कोळसा जोरात तापतो, थोडाच घ्या. रॉकेल नाही, सिरॅमिक वास पितं आणि पुढच्या दहा खेपा सुरमईला रॉकेलची फोडणी बसते. काजूची टरफलं तर चुकूनही नाहीत. त्यांच्या धुराने डोळे आणि घसा भाजतो, आणि तो धूर अन्नाला लागतो.

पावसाळ्यात

मे अखेरीस शेगडी रिकामी करून राख काढायची. राखेने ओल धरली की आतून चिखल आणि खालच्या खिडकीच्या पत्र्याला गंज. ताडपत्री घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. मी वर एक पत्रा तिरका बांधतो आणि बाजू मोकळ्या ठेवतो. झाकणाच्या चकतीत आणि तळाच्या खिडकीत बोटभर फट. तरी ऑगस्टात आत पांढरी बुरशी येते, ती येणारच. गणपतीच्या आधी एकदा कोरड्या दिवशी, मांस-मासळी न ठेवता, नुसता कोळसा पेटवून हळूहळू तापवायची. पाणी प्यालेलं सिरॅमिक एकदम तापवलं तर तडा जातो, म्हणून पहिला तास मंदच.

मागच्या पावसाळ्यानंतर मी पायाखालच्या चकत्या काढून बघितल्या. एका पायाखालची एपॉक्सी कोपऱ्यात सुटली होती, टाचणीच्या टोकाएवढी. तिथे लाकूड काळं पडायला लागलं होतं. पटाशीने खरवडलं, सुकवलं, पुन्हा पाजलं. बाकी तीन पाय ठणठणीत.